फेरफार नसलेला फोन

जुना मोबाईल घेऊन दुकानात जावं, तक्रार सांगावी, की काउंटरपलीकडून बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: सॉफ्टवेअर मारावं लागेल. फोन हँग होतो, सॉफ्टवेअर मारा. नेटवर्क जातं, सॉफ्टवेअर मारा. कंपनीतून आला तसाच वापरलेला फोन असेल तर हा उपाय बऱ्याचदा लागूही पडतो, त्यामुळे दुकानदाराला हसण्यात अर्थ नाही. पण एक वेगळ्या जातीचा फोन हल्ली सेकंडहँड बाजारात सर्रास फिरतो. आधीच्या मालकानं त्याचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा कुलूपबंद प्रोग्रॅम, उघडलेला असतो, रूट करून सर्वाधिकार मिळवलेले असतात, कंपनीची सिस्टिम काढून हौशी मंडळींनी बांधलेली कस्टम रॉम बसवलेली असते, आणि मग कधीतरी नवा फोन घ्यायचा म्हणून हा विकलेला असतो. असा फोन बिघडला की सरसकट उत्तरं तोकडी पडतात. माझं म्हणणं एवढंच आहे की अशा फोनमधला बिघाड शोधणं म्हणजे त्याचा हरवलेला पूर्वेतिहास शोधणं आहे. तो जितका हाती लागेल तितकीच दुरुस्ती शक्य असते, आणि तो न शोधता केलेली प्रत्येक खटपट त्या इतिहासात आणखी एक बेनोंदी पान वाढवते.

जमीन घेताना जाणता माणूस सातबाऱ्यावर थांबत नाही, तो जुने फेरफार काढायला लावतो. कुणाचं नाव कधी लागलं, कुणाचं कमी झालं, सोसायटीचा बोजा कधी चढला, हे गाव नमुना सहामध्ये नंबरानिशी लिहिलेलं असतं. रूट केलेल्या फोनला सातबारा म्हणावा असं एक पान असतं, सेटिंग्जमधलं ‘अबाउट फोन’. फेरफार मात्र नसतो. आणि या सातबाऱ्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. कित्येक कस्टम रॉम फोनला मुद्दाम दुसऱ्याच फोनचं नाव सांगायला लावतात. गूगलनं २०१६च्या पहिल्या पिक्सेलला फोटो साठवायला अमर्याद जागा दिली होती, तेव्हा फुकटात ती मिळावी म्हणून साधे फोन स्वतःला पिक्सेल म्हणवू लागले. पुढे पेमेंटची ॲप चालावीत म्हणून हाच खेळ चालू राहिला. रूटचा कारभार सांभाळणाऱ्या मॅजिस्क या ॲपला तर वेगळं नाव देऊन लपवण्याची सोय त्याच्यातच आहे. विकणाऱ्याच्या मनात खोट नसेलही. त्यानं स्वतःच्या सोयीसाठी लपवलेलं असतं आणि विकताना सांगायचं राहून जातं. घेणाऱ्याला मात्र आपला फोन रूट आहे हेसुद्धा ठाऊक नसतं. म्हणून पहिली पायरी ही, की फोन स्वतःबद्दल वरच्या थरातून काय सांगतो ते बाजूला ठेवावं आणि खालच्या थराला विचारावं. फास्टबूट या बूटलोडरच्या मोडमध्ये नेऊन केबल लावली की बूटलोडर आपलं खरं मॉडेल आणि आपण उघडे आहोत की बंद, हे सांगतो. त्याला पिक्सेल व्हायची हौस नसते.

लोक मुळात हे उद्योग का करत होते, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल. अँड्रॉइडच्या दुसऱ्या आवृत्तीच्या काळात बऱ्याच फोनांवर मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. देवनागरी फाँट सिस्टिमच्या फोल्डरमध्ये घालायचा तर रूट करण्यावाचून इलाज नसायचा, आणि एवढं करूनही वेलांट्या भलतीकडे जायच्या आणि जोडाक्षरं फुटायची, ती गोष्ट वेगळी. म्हणजे आपल्या भाषेत आलेला निरोप वाचता यावा, एवढ्यासाठीही माणसं फोनच्या पोटात हात घालत होती. रूटची सुरुवातच गमतीची आहे. २००८ साली आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये, एचटीसीच्या जी-वनमध्ये, एक भन्नाट चूक राहून गेली होती. कळफलकावर जे टाइप होई ते मागे दडलेल्या, सर्वाधिकारी रूट शेललाही पोचत असे. नव्या ओळीवर नुसतं ‘रीबूट’ लिहून एंटर मारलं, की गप्पा अर्धवट टाकून फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. गूगलनं ती चूक लगेच दुरुस्त केली, पण फोनवर आपली सत्ता चालवता येते हे लोकांना कळून चुकलं होतं. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कॉन्डिक या प्रोग्रॅमरनं सायनोजनमॉड ही कस्टम रॉम सुरू केली. २०१६च्या डिसेंबरात ती बंद पडली आणि तिच्यातूनच लिनिएजओएस उभी राहिली.

या इतिहासाचा आजच्या बिघाडांशी थेट संबंध आहे. २००९ मध्ये गूगलनं सायनोजनमॉडला कायदेशीर पत्र पाठवून बजावलं की अँड्रॉइड मार्केटसारखी, म्हणजे पुढच्या प्ले स्टोअरसारखी, आमची बंदिस्त ॲप तुम्ही वाटू शकत नाही. तेव्हापासून बहुतेक रॉम एकीकडून आणि गूगलची ॲप दुसरीकडून, अशी दोन गाठोडी वेगवेगळी बसवायची पद्धत पडली. ती दोन्ही एकाच अँड्रॉइड आवृत्तीची लागतात, आणि गूगलचं गाठोडं फोन पहिल्यांदा सुरू होण्याच्या आत बसवावं लागतं. ते नंतर बसवलं, की परवानग्यांचा घोळ होतो, गूगल प्ले सर्व्हिसेस सारखी कोसळते, आणि रात्रभर उशाशी नुसता पडून राहिलेला फोन सकाळी निम्मा उतरलेला असतो. नवा मालक बॅटरी बदलतो. बॅटरीचा काही दोष नसतो.

एक तक्रार जवळून पाहू. रेडमी नोट ४ हा जानेवारी २०१७ मध्ये आपल्याकडे आलेला फोन, स्नॅपड्रॅगन ६२५ची चिप आणि ४१०० एमएएचची बॅटरी, रॉम बदलणाऱ्यांचा लाडका. कंपनीनं त्याला अँड्रॉइड ७वरच ठेवलं. पुढच्या आवृत्त्या त्यावर आल्या त्या स्वयंसेवकांच्या कष्टानं. असा सेकंडहँड फोन, आणि तक्रार ही: फोन कानाला लावला की स्क्रीन काळी होते, ती कानावरून काढला तरी परत येत नाही. दोष प्रॉक्झिमिटी सेन्सरकडे जातो, पण त्यामागे तीन वेगवेगळे इतिहास असू शकतात. कुणीतरी फुटलेली स्क्रीन बदलून हलक्या दर्जाचा डिस्प्ले बसवला असेल. त्याच्या काचेवरची सेन्सरपुरती खिडकी नीट नसते किंवा आतली रबरी गादी हरवलेली असते, मग सेन्सरनं सोडलेला अदृश्य प्रकाश काचेवरूनच परत येतो आणि समोर कायम कान आहे असं त्याला वाटतं. दुसरी शक्यता, कुणीतरी पुसापुशीच्या भरात ‘पर्सिस्ट’ नावाचं छोटं पार्टिशन पुसलं असेल, ज्यात याच एका फोनच्या सेन्सरांची मापं जपलेली असतात. तिसरी, रॉमचा कर्नल आणि खालचं फर्मवेअर यांचं जमत नसेल. वरून पाहिलं तर तिन्हींचं लक्षण एकच. आता सेन्सरांचे आकडे दाखवणारं एखादं साधं ॲप उघडावं. सेन्सर यादीत आहे पण अंगठा ठेवा वा काढा, तो ‘जवळ’च म्हणत राहतो, तर संशय काचेवर. यादीत तो एकटाच नाही, बाकीचे ठीक, तर पट्टी सुटली असेल किंवा सेन्सर गेला असेल. पण त्याच्यासोबत जायरोस्कोपही गेला आहे, फोन आडवा केला तर चित्र फिरत नाही, सगळेच सेन्सर एकदम मुके झाले आहेत, तर काच निर्दोष आहे. या चिपमध्ये सगळ्या सेन्सरांचा कारभार एकाच प्रोसेसरमार्फत चालतो आणि त्याची वही पर्सिस्टमध्ये असते. मग मागचं झाकण काढून स्क्रूंची डोकी पाहावीत. ती खरवडलेली असतील तर फोन आधी कुणीतरी उघडलेला आहे. बरीचशी दुरुस्ती म्हणजे असं साक्षीपुरावे जुळवणंच असतं.

म्हणून क्रमाला महत्त्व आहे: आधी वाचायचं, मग काढायचं, आणि नवं काही घालायचं ते सगळ्यात शेवटी. नेमकं उलटं करण्याचा मोह फार होतो. फोन लोगोवर अडकला की माणूस दुसरी रॉम टाकतो. तीही अडकली की तिसरी. प्रत्येक वेळी आधीचा डेटा न पुसता वरच्यावर टाकलं, की मॅजिस्कची मॉड्यूल, म्हणजे वरून जोडलेले छोटे बदल, डेटाच्या पार्टिशनमध्ये तशीच बसून राहतात आणि नव्या रॉमलाही खाली ओढतात. खरं तर मॉड्यूलनं फोन अडकवला असेल तर सुरू होताना आवाज कमी करायचं बटण धरून सेफ मोडमध्ये नेलं, की मॅजिस्क आपली सगळी मॉड्यूल बंद ठेवतो. एवढ्यानं फोन चालू झाला तर गुन्हेगार सापडला, आणि काहीच पुसावं लागलं नाही. फोनची चालू नोंद दाखवणारा लॉगकॅट वाचायला कंटाळवाणा असतो, हजारो ओळी धावतात, पण कोसळण्याच्या क्षणाच्या आसपासच्या वीस-पंचवीस ओळी शांतपणे पाहिल्या तर तीच ती प्रक्रिया पुन्हापुन्हा मरताना दिसते. फोन फॉरमॅट केला की ही साक्षही गेली.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. कशाला हवा हा इतिहास? कंपनीच्या मूळ फाइलनं सगळं पुसून टाका, फोन पहिल्या दिवसासारखा होईल, गाडलेली मढी उकरायचं कारण नाही. पुष्कळदा असं करणं योग्यच असतं, आणि नुसता सॉफ्टवेअरचा गोंधळ असेल तर मीही तेच सांगेन. पण पहिल्या दिवसासारखा फोन होत नाही, कारण काही खुणा फाइलींच्या आवाक्याबाहेर असतात. सॅमसंगनं २०१३पासून आपल्या वरच्या श्रेणीच्या फोनांत चिपमध्येच एक फ्यूज ठेवला. परकं सॉफ्टवेअर बसलं की तो जळतो, नॉक्स या सुरक्षाव्यवस्थेचा आकडा शून्याचा एक होतो, आणि मग मूळ सॉफ्टवेअर कितीही वेळा बसवा, सिक्युअर फोल्डर पुन्हा मिळत नाही. दुसरीकडे मूळ फाइल हाच कधीकधी घातक उपाय ठरतो. शाओमीनं २०१८ मध्ये जुनी आवृत्ती बसू न देणारं अँटी-रोलबॅक आणलं, तेव्हा रेडमी नोट ५ प्रोवर कंपनीचीच, पण जुनी, फाइल टाकणाऱ्यांचे फोन ठार झाले. केबल लावली की संगणकावर क्वालकॉमचा ९००८ पोर्ट तेवढा दिसे, आणि तिथून फोन उठवायला कंपनीनं मान्यता दिलेलं खातं तरी लागे किंवा मागचं झाकण काढून टेस्ट पॉइंटशी झटापट करावी लागे. फोन आधी कोणत्या आवृत्तीपर्यंत गेला होता, हा साधा पूर्वेतिहास ठाऊक असता, फास्टबूटला आधी तो आकडा विचारला असता, तर एवढं घडलं नसतं.

आयएमईआयची, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाची, गोष्ट याहून नाजूक. मोडेमची काही पार्टिशन पुसली गेली की स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबल्यावर शून्यं येतात किंवा काहीच येत नाही, आणि सिम असून नेटवर्क नसतं. आधीच्या मालकानं बॅकअप ठेवला असेल तर पाच मिनिटांचं काम. नसेल तर बाजारात कुणीतरी ‘नंबर टाकून देतो’ म्हणतोच. २०१७च्या नियमांनी उत्पादकाशिवाय इतर कुणी आयएमईआय पुसणं वा बदलणं बेकायदा ठरवलं, आजही ते बेकायदाच आहे, आणि तसा टाकलेला नंबर दुसऱ्याच कुणाच्या फोनचा असला तर त्याची किंमत फोनपेक्षा कितीतरी मोठी पडू शकते. चोरीचे फोन बंद करणारी सीईआयआर व्यवस्था २०१९ मध्ये मुंबईतून सुरू झाली आणि २०२३ मध्ये देशभर गेली. पैसे मोजण्याआधी केवायएम लिहून पुढे तो नंबर टाकून १४४२२ला एसएमएस करता येतो. रूट केलेला फोन घेताना सेटिंग्जमधला, खोक्यावरचा आणि बिलावरचा नंबर जुळतो का, हे पाहणं बाकी सगळ्या तपासण्यांच्या आधी यायला हवं, कारण बाकी कशाचाही उलगडा होऊन उपयोग नाही, हा नंबर खोटा असेल तर. उलट काही बिघाडांना इतिहास लागतच नाही; बॅटरीबद्दल फार बोलायचं कारण नाही. तीस टक्क्यांवर फोन अचानक बंद पडतो आणि चार्जरला लावताच पुन्हा तीसच दाखवतो, तर ती म्हातारी झाली आहे; कोणत्याही रॉमला दोष देऊ नये.

दुसरा आक्षेप संशयवाद्यांचा. अनोळखी माणसानं उघडलेल्या फोनवर विश्वास ठेवायचाच कशाला? सर्वोच्च अधिकार त्याच्याकडे होता. त्यानं आत काय पेरून ठेवलं असेल ते कोणत्या तपासणीला सापडणार? संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसननं १९८४ साली छापून आलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात याहून पुढचं दाखवून दिलं होतं: प्रोग्रॅमचा मूळ मजकूर अक्षरन् अक्षर वाचला तरी तो यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या कंपायलरमध्येच चोर दडला असेल तर वाचून काही हाती लागत नाही. तर्काला उत्तर नाही, हे मान्य. पण तो तर्क सील न तुटलेल्या फोनलाही तितकाच लागतो. ट्रायडा नावाचं घातक सॉफ्टवेअर काही स्वस्त फोनांत विक्रीपूर्वीच, बाहेरच्या पुरवठादाराच्या मार्फत, सिस्टिममध्ये घुसलेलं होतं. २०१९ मध्ये गूगलनंच ते सविस्तर सांगितलं. खोकं नवं, सील शाबूत, आत चोर. उघडलेल्या फोनची बाजू इथे थोडी बरी आहे, कारण बूटलोडर उघडला म्हणजे साखळीतली एक कडी सुटते, सगळी साखळी नव्हे. चिपमध्ये कोरलेला पहिला कोड आणि त्यानं सही तपासून सुरू केलेले पुढचे टप्पे तसेच राहतात. कस्टम रॉमवाला वरच्या थरात काहीही करू शकतो, त्या खालच्या टप्प्यांची खोटी सही करू शकत नाही. म्हणून प्रकल्पाच्या स्वतःच्या ठिकाणाहून रॉम उतरवून, तिची सही तपासून, डेटा पूर्ण पुसून बसवली, तर अनोळखी माणसाच्या हातांचे ठसे जवळपास सगळे जातात. ‘जवळपास’ हा शब्द मी मुद्दाम ठेवतो.

तिसरा आक्षेप यातूनच निघतो: मग कंपन्या कुलूप लावतात तेच बरोबर. अर्धा बरोबर. अँड्रॉइडच्या व्हेरिफाइड बूटमध्ये, म्हणजे सुरू होताना सही तपासण्याच्या व्यवस्थेत, एक मधली वाटही आहे, फोन उघडून आपली स्वतःची चावी त्यात नोंदवायची आणि पुन्हा कुलूप लावायचं. पिक्सेल फोनांवर हे करता येतं, ग्राफीनओएस ही कस्टम रॉम ते करते, आणि मग फोन सुरू होताना पिवळी सूचना देऊन सांगतो की मी कंपनीची सिस्टिम चालवत नाही, दुसऱ्याच्या चावीनं तपासलेली चालवतो. नव्या मालकाला याहून प्रामाणिक पाटी कोणती हवी? पण बहुतेक कंपन्यांनी ही सोय ठेवलेली नाही, आणि तिथे घेणाऱ्याचा घात असा होतो: उघडा बूटलोडर असुरक्षित असं कुठेतरी कळतं, तो रॉम तशीच ठेवून फास्टबूटवरून लॉकचा हुकूम देतो, पुढच्या वेळी साखळीला आपली सही सापडत नाही, फोन भ्रष्ट असल्याचा इशारा येतो आणि सगळं संपतं. सुरक्षितता वाढवण्याच्या चांगल्या हेतूनं मेलेले फोन बाजारात कमी नसतील. लॉक करायचाच असेल तर आधी संपूर्ण मूळ सिस्टिम, आवृत्ती तपासून, आणि मगच कुलूप.

एवढं सगळं जमून आलं, सेन्सर बोलते झाले, रॉम ताजी आहे, आयएमईआय जुळतो, तरी बँकेचं ॲप दारातूनच परत पाठवतं. या नकाराकडे मी नुसत्या रागानं पाहत नाही. ज्याच्या फोनवर सर्वाधिकारी परवानगी दुसऱ्या कुणाला मिळालेली असू शकते, त्याच्या खात्यातून पैसे गेले तर भांडण बँकेशीच होणार, आणि रूट आहे हे न कळता फोन विकत घेणारी माणसं खरोखरच आहेत. पण ॲप करतं त्या तपासणीचा मुख्य प्रश्न कंपनीचं सील शाबूत आहे का, हा असतो. २०१७चा, कंपनीनं केव्हाच सोडून दिलेला, अँड्रॉइड ७वरचा फोन सील न तुटल्यामुळे कित्येक ॲपच्या तपासणीतून सुटतो, आणि त्याच मॉडेलवर सुरक्षेचे नवे पॅच घातलेली रॉम अडते. गूगलनं अलीकडे अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनांसाठी या तपासणीच्या सगळ्यात कडक पातळीवर वर्षभराच्या आतला पॅच मागायला सुरुवात केली, ती योग्य दिशा म्हणावी लागेल. पॅचचं वय हाही इतिहासाचाच भाग. तोवर सेकंडहँड रूट केलेल्या फोनचा उपयोग ठरवताना बँक वगळावी. मुलांच्या वर्गाचे व्हिडिओ, गाणी, नकाशे, घरातला हॉटस्पॉट, यांसाठी तो उत्तम चालतो. आणि रूट लपवणारं आणखी एक मॉड्यूल टाकून ते ॲप चालवून देतो असं कुणी म्हणालं, तर त्याला नको म्हणावं. पुढच्या महिन्यात ॲप पुन्हा अडेल, आणि तेव्हा फोनमध्ये काय काय घातलं आहे हे त्यालाही आठवणार नाही.